पोळ्याच्या दिवशी ओढलेला फर्लांग

हिंगोलीहून जी सडक औंढ्याला नागनाथाच्या पायाशी येते आणि तिथून जवळा बाजारच्या अंगानं परभणीकडं निघून जाते, तिला आता सरकारनं नंबर दिला आहे म्हणतात. चांगलं झालं. पण मला तो नंबर विचारू नका. तिच्यावर खड्डा कुठं आहे ते विचारा, डोळे मिटून सांगतो. नवीन झालेले सोडून.

मी या सडकेवरचा मुकादम. मुकादम म्हणजे फार मोठा माणूस, असं वयाच्या एकविसाव्या वर्षी माझं मत होतं. हाताखाली सडकेच्या डागडुजीचे पाच मैलकुली, कमरेला पितळी बिल्ला आणि बोलताना मध्येमध्ये उर्दू. निजामाच्या राज्यात बांधकाम खात्याला तामीरात म्हणत. ‘आमचं पोरगं तामीरातीत हाय’ असं वडील चारचौघांत सांगायचे, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगं महाल बांधून राहिलं. पोरगं त्या वेळी कुठंतरी गुडघाभर खड्ड्यात उभं राहून मुरूम पसरीत असायचं.

ही सडक कुणी आखली, असं आमच्या घरची मुलं विचारतात. साहेबांनी दुर्बीण लावून आखली, असं सांगणं शोभून दिसतं. साहेब आले होते, हेही खरं. साखळी, झेंड्या, खुंट्या सगळं घेऊन आले होते म्हणे. पण त्यांनी खुंट्या ठोकल्या त्या बहुतेक जुन्या गाडीवाटेवरच. आणि ती गाडीवाट पाडली होती बैलांनी. आमच्याकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात गाडी रुतली की दिवाळीलाच निघायची. म्हणून बैल आपला माळ धरून, मुरमाड जागा बघून चालायचे. तुम्हाला या सडकेवर विनाकारण एखादं वळण लागलं, तर ते विनाकारण नाही एवढं लक्षात ठेवा. तिथं कधीतरी एखाद्या शहाण्या बैलानं चिखल टाळलेला आहे.

सडकेवर माणसं नाना तऱ्हेची भेटत. एकदा आम्ही मैलाचे दगड रोवत होतो. औंढ्याला दर्शनाला निघालेली एक म्हातारी येऊन उभी राहिली.

“लेकरा, ह्यो दगड जरा अलीकडं रोव की. नागनाथ लई लांब पडून राहिला.”

मी तिला समजावलं, की दगड सरकवला म्हणून देव सरकत नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुला काय ठावं? आमच्या गावचा दगड तुमी परवा पल्याड रोवला, तवापासून मला बाजार लांब पडतोय.” यावर तामीरातीच्या कायद्यात उत्तर नव्हतं. मी तिला पाणी पाजलं.

पण आज सांगायची गोष्ट वेगळी आहे. ती सांगायला मी बरीच वर्षं टाळली.

ती कळायला आमचं काम थोडं समजून घ्यावं लागेल. डांबर आम्ही तेव्हा ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. खालून मुरूम, त्यावर मुठीएवढे दगड, त्यावर बारीक खडी, वरून पाणी आणि पुन्हा मुरूम. या सगळ्यावरून दगडी रूळ फिरवायचा. रूळ म्हणजे माणसाच्या छातीएवढ्या उंचीचा गोल धोंडा, त्याला लोखंडी आस आणि लाकडी चौकट. ओढायला बैलांच्या चार जोड्या. त्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या असत. ही दबाई पावसाळ्यात करायची, कारण खडी बसायला पाणी लागतं आणि आभाळाएवढा मोठा पखालवाला दुसरा नाही. रूळ फिरवताना कडांकडून मध्याकडं यायचं. मधूनच सुरुवात केली तर खडी कडेला पळते. आणि खडी अंथरून रूळ न फिरवता ठेवली, तर दोन दिवसांत गाड्यांची चाकं ती उधळून टाकतात. केलेलं सगळं काम मातीत जातं.

त्या वर्षी माझ्यासाठी आखाडा बाळापूरकडची एक सोयरीक सांगून आली होती. मुलगी मी पाहिली नव्हती, पण मध्यस्थानं तिचं वर्णन असं केलं होतं की पाहण्याची गरजही उरली नव्हती. मुलीच्या वडिलांनी माझे नाक-डोळे, शेतवाडी काही विचारलं नाही. एकच विचारलं, “नोकरी पक्की हाय का कच्ची?”

कच्ची होती. दरोगासाहेब म्हणजे आमचे वरचे देखरेखवाले. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, की औंढा आणि जवळा बाजारच्या मधला तुकडा वेळेत पुरा झाला आणि बड्या साहेबांची मोटार त्यावरून बिनधक्क्याची गेली, तर तुझं नाव पक्क्यात घालायची शिफारस करतो. म्हणजे रूळ फिरला की नोकरी, नोकरी झाली की मुलगी. इतका सरळ हिशेब आयुष्यात पुन्हा कधी माझ्यासमोर आला नाही.

एक दिवस दरोगासाहेब घोड्यावरून आले. खालीही उतरले नाहीत.

“मुकादम, मेहर की बाईस को बडे साहब की मोटर आएगी. तब तक हो जाएगा ना?”

मी छाती काढून म्हणालो, “जी हां, बराबर हो जाएगा!”

इथं माझी अक्कल दिसते. कचेरीत तेव्हा निजामाचं फसली साल चालायचं. आजूर, दै, बहमन, असे महिने. घरात मात्र चैत्र, वैशाख. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला मी दोन वर्षं कचेरीच्या महिन्यांत असा रमलो होतो, की घरचे महिने विसरून गेलो होतो. मेहर महिन्याचे दिवस मी बोटांवर मोजले. हातात आठ दिवस, काम सहा दिवसांचं. दोन दिवस वर. मी खुशीत येऊन पाचही कुल्यांना पान खिलवलं. मेहरच्या त्या बाविशीच्या आदल्या दिवशी आपल्या पंचांगात काय आहे, हे बघायचं मला सुचलं नाही.

सहा दिवसांचं काम म्हटलं, पण मध्ये एक दिवस रुळाची चौकट मोडली आणि एक दिवस पाऊस असा कोसळला की बैलांनाच उभं राहवेना. माझे वरचे दोन दिवस तिथंच गेले. मोटार यायला दोन दिवस उरले आणि खडी अंथरलेला एक फर्लांग शिल्लक राहिला. फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा हिस्सा. चार जोड्यांना तो दीड दिवसाचा. अजून जमत होतं.

दुपार झाली. सटवाजीबाबांनी रूळ थांबवला आणि जू सोडायला घेतलं. सटवाजीबाबा म्हणजे जवळच्या वाडीतले वयस्क शेतकरी. पुढची जोडी त्यांची होती आणि बाकीचे तिघं त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते.

“बाबा, काहून सोडून राहिले?”

“खांदेमळणी हाय न्हवं का आज.”

“कुणाची?”

सटवाजीबाबांचा हात जुवावरच थांबला. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. “तुमची, मुकादम,” ते म्हणाले. “बैलांची आमी घरी करू.”

बाकीचे तिघं इतके हसले की एकाचा बैल बिथरला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. उद्या अमावस्या. उद्या पोळा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात, आणि पोळ्याला तर बैलाच्या मानेवर जू ठेवणं म्हणजे घरातल्या वडिलधाऱ्यावर हात उगारणं. आणि परवा मोटार.

मी आधी सबुरीनं बोललो. “आजचा दिवस तरी ओढा, बाबा. दिवेलागणीला खांदे मळा.”

“न्हाई.”

मग मी बिल्ल्यावर हात ठेवला. “सरकारी काम हाय. दरोगासाहेबाला नावं द्यावी लागतील.”

“द्या की. माझं नाव सटवाजी. बैलांची बी लिहून घ्या, ह्यो राजा, ह्यो पाखऱ्या.”

मग मी हात जोडले. सोयरिकीचं सांगितलं. उद्या सकाळी दोनच तास जुंपा, कुणी बघणार नाही, असंसुद्धा म्हणालो. हे वाक्य लिहिताना आजही कान गरम होतात, पण म्हणालो होतो.

सटवाजीबाबा चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, “तुमच्या घरी बैल हायेत?”

“दोन जोड्या.”

“त्यांचे खांदे कोन मळून राहिलं आज?”

वडील एकटेच मळत असतील. गुडघ्यानं बसता येत नव्हतं त्यांना. बैल घेऊन चौघं निघून गेले आणि मी त्या धोंड्याला टेकून उभा राहिलो.

पोळ्याच्या सकाळी मी पाच कुल्यांना बोलावलं आणि रुळाला दोर बांधले. आपण सहा जण ओढू, असा माझा बेत होता. आठ बैलांचं काम सहा माणसं करतील हा हिशेब मी कुठल्या शाळेत शिकलो होतो कोण जाणे. आम्ही जोर लावला. पाय घसरले, दोर करकरला, माझ्या धोतराचा कासोटा सुटला. रूळ तसूभर हलला नाही.

रामजी नावाचा एक कुली दम खात म्हणाला, “मुकादम, याला बी आज पोळा हाय वाटतं.”

दुपारपर्यंत आम्ही चार वेळा जोर लावला. चौथ्या वेळेला दोर तुटला आणि सहाही जण एकमेकांवर पडलो. मी सडकेच्या कडेला बसलो. तिकडं वाडीच्या ओढ्यावर बैल धुतले जात होते, माणसांच्या हाका ऐकू येत होत्या. सोयरीक गेली, असं मी मनाशी धरलं. पक्की नोकरी गेल्याचं तेवढं वाटलं नाही, हे कबूल करतो.

आणि ओढ्याकडून माणसं येताना दिसली. पुढं सटवाजीबाबा. मागं वीस-पंचवीस गडी. बैल धुऊन, शिंगं रंगवून, सावलीला बांधून आलेले. सटवाजीबाबांच्या खांद्यावर नव्या कोऱ्या दोरांचं वेटोळं होतं. पोळ्याला बैलांसाठी नवे दोर घेतात, ते.

“बाबा, हे काय?”

“बैलाला सुट्टी हाय,” ते म्हणाले. “दोराला न्हाई.”

“पण तुमी काहून...”

“सडक काय तुमच्या बापाची हाय? आमचा कापूस काय आभाळातून जातो हिंगोलीला? खडी उधळली तर चाक आमचंच मोडनार. चला, बांधा.”

दोर बांधले गेले. मी सवयीनं पुढं जाऊन, हात वर करून ‘हां, कडेनं घ्या, कडेनं!’ असं ओरडायला लागलो. सटवाजीबाबा थांबले.

“मुकादम, हाकनारा नगं. वढनारा पायजे. या इकडं. डाव्या अंगाला जागा हाय, पाखऱ्याची.”

मी पाखऱ्याच्या जागेवर उभा राहिलो. सगळ्यांनी एकदम जोर लावला आणि तो धोंडा कुरकुरत हलला. खडी चुरडल्याचा आवाज मी दोन वर्षं ऐकत होतो, पण बाहेरून. दोर खांद्यात रुतला असताना तो आवाज पायांतून वर येतो. कुठं खडी बसली, कुठं पोकळ आहे, हे ओढणाऱ्याला आधी कळतं. म्हणजे दोन वर्षं बैलांना जे कळत होतं ते मुकादमाला कळत नव्हतं.

मग थट्टेला ऊत आला. “ह्यो उजवीकडचा कामचुकार हाय, इकून टाका बाजारात!” “याला पेंड कमी पडली!” “मुकादमाला घुंगरं बांधा रे!” वाडीतल्या बायका गंमत बघायला आल्या. सटवाजीबाबांच्या कारभारणीनं बैलांच्या खांद्यांचं उरलेलं तूप-हळदीचं भांडं आणलं होतं. एकेकाला थांबवून त्यांनी खांद्यावर बोटं ओढली. माझ्यापाशी आल्यावर म्हणाल्या, “कालपासून तुमची खांदेमळणी राहून गेली म्हनत होते हे.” माझा खांदा सोललेला होता. हळद झोंबली. पण बरं वाटलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा एक गृहस्थ चालत चालत आमच्या शेजारी आले. तांबडा फेटा, कडक इस्त्रीचं धोतर. पोळ्याला कुणाकडं तरी आलेले पाहुणे दिसत होते. मी घामानं आणि धुळीनं माखलेला, उघडा, खांद्याला हळद. ते माझ्याबरोबर चालत चालत म्हणाले,

“काय रं गड्या, इथला मुकादम कसा मानूस हाय?”

मला दम लागला होता, पायाला ठेच लागली होती. खोटं बोलायलाही थोडी ताकद लागते. तेवढी नव्हती.

“गाढव हाय,” मी म्हणालो. “पोळा इसरला.”

“असं व्हय,” ते म्हणाले. त्यांनी फेटा काढून रामजीच्या हातात दिला, धोतर खोचलं आणि माझ्यामागं दोर धरला.

दिवस मावळायला आला. वाडीत वाजंत्री सुरू झाली, बैलांची मिरवणूक निघायची वेळ झाली. सटवाजीबाबांनी दोर सोडला. फर्लांगाचा तिसरा हिस्सा राहिला होता आणि झालेलाही नीट नव्हता. माणसं बैलांसारखी एका चालीनं चालत नाहीत, त्यामुळं रूळ नागमोडी फिरला होता. पण तेवढंच व्हायचं होतं. मिरवणुकीपुढं कुणाच्या मोटारीची पत्रास नव्हती.

दिवेलागणीला सटवाजीबाबांनी मला जेवायला नेलं. मी हातपाय धुऊन, सदरा चढवून, बिल्ला लावून पंगतीला बसलो. समोर तांबडा फेटा.

“हे आमचे मेव्हणे,” सटवाजीबाबा म्हणाले. “बाळापूरकडचे.”

त्यांनी पाहुण्यांचं नावही सांगितलं. मध्यस्थानं सांगितलेलं नाव आणि हे नाव एकच होतं.

पाहुणे म्हणाले, “दाजी, तुमचा तो मुकादम दिसला न्हाई. पोरीच्या सोयरिकीसाठी जरा पाहावं म्हनलं. दुपारी एका गड्याला इचारलं तर गाढव हाय म्हनला.”

“त्यो गडीच मुकादम हाय,” सटवाजीबाबा म्हणाले. “ह्यो काय तुमच्या म्होरं बसला.”

पंगत हसून लोटपोट झाली. वाढणाऱ्या बाईंच्या हातून पुरणपोळी माझ्या मांडीवर पडली. पाहुणे मात्र हसले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, “पोरा, एक बरं केलंस. नोकरीपायी पोळ्याला बैल जुंपाया न्हाई लावलेस.”

आता इथं मी बोलायला हवं होतं. ‘लावत होतो, यांनी नाही म्हटलं’ एवढे पाच शब्द. मी मान वर केली. सटवाजीबाबा माझ्याकडंच बघत होते. मी मान खाली घातली आणि मांडीवरची पोळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मोटार आली. झालेल्या भागावर ती डुलत गेली आणि राहिलेल्या भागावर उसळत. बड्या साहेबांनी काच खाली केली नाही, पण पुढं बसलेल्या दरोगासाहेबांचं डोकं दोनदा छपराला लागताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझी नोकरी त्या साली कच्चीच राहिली. मी मध्यस्थाकडून तसा निरोप धाडला. तेवढं तरी खरं कळवलं. महिनाभर काही नाही. मग जवळ्याच्या बाजारच्या दिवशी मध्यस्थ मला शोधत आला आणि म्हणाला, “मुहूर्त काढायला सांगितलाय.”

असं माझं लग्न झालं.

पुढं त्या सडकेनं पुष्कळ पाहिलं. अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात लष्करी गाड्या तिच्यावरून धूळ उडवत गेल्या. राज्य बदललं, कचेरीतून आजूर-बहमन गेले आणि जानेवारी-फेब्रुवारी आले. मी तेव्हा पक्का झालो, तेही कुणाच्या शिफारशीनं नव्हे, नव्या सरकारनं माणसांची मोजणी केली तेव्हा जुनी माणसं कमी पडली म्हणून. आता इंजिनाचा रूळ येतो. एक माणूस वर बसून विडी ओढत अर्ध्या दिवसात फर्लांग संपवतो. काम गुळगुळीत होतं, त्यात वाद नाही. पण आमचा तो फर्लांग अजून ओळखू येतो. त्या जागी गाडीत झोपलेला माणूस हमखास जागा होतो आणि मुकादमाला शिवी देतो. त्याचा नेम चुकत नाही.

सटवाजीबाबा गेले. सासरेही दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत ते पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं सांगायचे, की आमच्या जावयानं नोकरीवर पाणी सोडलं, पण पोळ्याला बैल जुंपले नाहीत. मी प्रत्येक वेळी पाणी प्यायला आत जायचो. त्यांच्या हयातीत सांगायला हवं होतं, ते जमलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

लिहून झाल्यावर परवा घरी वाचून दाखवलं. ही ज्वारी निवडत बसली होती. हात जोडून सटवाजीबाबांना विनवल्याचा भाग मी घाईघाईनं वाचला. हिचा हात सुपात चालूच होता. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली,

“आत्याच्या मालकांनी त्याच दिशी दादांना सांगितलं होतं की.” आत्याचे मालक म्हणजे सटवाजीबाबा, आणि दादा म्हणजे हिचे वडील, माझे सासरे.

“काय सांगितलं होतं?”

“समदं. धमकी दिली ते, हात जोडले ते. दादांनी घरी येऊन आईला सांगितलं, मी दाराआड होते. आई म्हनली, मंग असल्याला पोरगी कशाला द्यायची? दादा म्हनले, बैल मागनारे लई भेटतात. न्हाई म्हनल्यावर सोताचा खांदा देनारा येकच दिसला.”

“मग पाहुण्यांना ते तसं का सांगत होते? माझ्यादेखत?”

“तुमी कवा बोलता ते बघत होते.”

मी कागद खाली ठेवले. “आणि तू? इतकी वर्षं तू का बोलली नाहीस?”

तिनं सूप पाखडलं. एक खडा वेचून बाहेर टाकला.

“मी बी तेच बघत होते,” ती म्हणाली.